काळा हेडफोन उपाशी होता

साल एकोणीसशे शहाऐंशी. मला त्रेसष्टावं लागलंय आणि तुझी साठी दिवाळीनंतर भरणार होती. वयानं मोठा मी, आणि रांगेत पुढं घुसलास तू. दस्तगीर, ही तुझी खोड जुनीच.

हे मी माझ्या हातानं लिहितोय. माझी शाळा चौथीत सुटली, त्यामुळं कुणी ऱ्हस्व-दीर्घ काढत बसू नये. तुला तर अक्षरं येतच नव्हती, आकडे तेवढे यायचे. ट्रान्सफॉर्मरच्या बॉबिनवर तार गुंडाळताना तू ओठ हलवत फेरे मोजायचास, आणि मधेच कुणी 'चहा सांगू का' म्हटलं तरी सगळी तार उकलून पुन्हा पहिल्यापासून. 'अंदाजानं धर की रं,' मी म्हणायचो. 'अंदाजानं लगीन कर, वाइंडिंग न्हाय व्हायचं,' तू म्हणायचास. मंडपाच्या लाउडस्पीकरची मशीनं, म्हणजे ॲम्प्लिफायर, मी बांधली, पण त्यांच्या पोटातले ट्रान्सफॉर्मर तुझे होते. मशीनवर पाटी मात्र माझ्या नावाची. त्यावरून तू कधी बोलला नाहीस. मीही नाही.

आपलं बिनसलं ते दोन हेडफोनांवरून. दोन वर्षं झाली त्याला. माझे एक जुने गिऱ्हाईक, डॉक्टर, त्यांच्या भाच्यानं जर्मनीहून दोन हेडफोन पाठवले होते. ते घेऊन डॉक्टर लक्ष्मीपुरीत माझ्या दुकानात आले, काखेत एका गाणाऱ्या बाईंची, सकाळच्या रागाची तबकडी. तू बाकावर बसून चहा पीत होतास. शुक्रवार होता, नमाज झाली की तू माझ्याकडं यायचास आणि आपण दोघं मिळून गावातल्या सगळ्या मशीनवाल्यांना नावं ठेवायचो.

'दत्तोबा,' डॉक्टर म्हणाले, 'दोन्ही भारी आहेत म्हणतात. मला एकच ठेवायचाय. तुमच्या कानाला काय वाटतं ते सांगा.'

तुमच्या कानाला. हे ऐकून माझी छाती फुगली, खोटं कशाला सांगू?

एक हेडफोन हलका, पिवळ्या स्पंजचा. हातात घेतला तर खेळणं वाटावा. दुसरा काळा, जडशीळ, डोक्यावर ठेवला तर मान मोडंल असा. त्याच्या वाटीत रेडिओच्या स्पीकरसारखा कागदाचा शंकू नव्हता. पातळ पापडासारखा पडदा आणि त्यावर छापलेली तार. मी दोघांना आलटून पालटून मशीनला लावायचं ठरवलं. न्याय सारखा पाहिजे म्हणून आवाजाचं बटण एका जागी धरलं आणि त्यावर खडूनं रेघ मारली. ह्याच रेघेवर दोघांनी खेळायचं. आखाडा एकच.

पिवळा लावला. सकाळी तोंडावर गार पाणी मारल्यासारखा लख्ख आवाज. बाईंचा सूर, तबल्याची चाट, सगळं डोळ्यापुढं. खाली खर्जात जरा जमीन कमी होती, पण मी म्हटलं, नाजूक चीज आहे. मग काळा लावला. घोंगडं पांघरून कुणी बोलतंय असं वाटलं. तंबोऱ्याच्या चार तारा एकात एक मिसळलेल्या, बायाचा, म्हणजे डग्ग्याचा, ठोका दमलेल्या माणसानं दार वाजवावं तसा. मी डॉक्टरांना म्हटलं, 'काळा मेलेला हाय. पिवळा ठेवा.'

आणि मला खात्री होती, ती का, तेही लिहितो. पिवळ्यावर दोन हजार ओहम लिहिलं होतं, काळ्यावर दीडशे. आयुष्यभर कर्णे जोडले मी. कर्ण्यात ओहम जितका कमी तितका तो मशीनमधून जास्त ओढतो आणि जास्त बोंबलतो. म्हणजे दीडशेवाल्यानं दोन हजारवाल्याला खाऊन टाकायला पाहिजे होतं. तो गप्प, म्हणजे नासका. माझ्या डोक्यात एवढंच गणित होतं आणि ते मंडपाचं गणित होतं.

तू कपबशी खाली ठेवलीस. 'मला दे बघू,' म्हणालास.

तुझा डावा कान गेलेला. म्हणून तू हेडफोन आधी सरळ घातलास, मग उलटा फिरवलास, डावी वाटी उजव्या कानावर. दोन्ही बाजू एकाच कानानं, पाळीपाळीनं. पिवळा दोनदा, काळा दोनदा. डॉक्टर हसले. ते हसले ते मला आवडलं, हे आज लिहून टाकतो.

'दत्तू, काळा मेलेला न्हाय,' तू म्हणालास. 'उपाशी हाय.'

'उपाशी? ह्यो हेडफोन हाय का म्हस हाय?'

'म्हसच समज. हेडफोनची तार तू कुठनं काढलीयास? लहान व्हॉल्व्हवरनं, त्या काचेच्या दिव्यावरनं. तिथं दाब लई, धार न्हाय. टाकी माडीवर आन् नळी काडीएवढी. पिवळा घोट घोट पितोय, त्याचं भागतं. ह्याला बादली लागती. मधी एक ट्रान्सफॉर्मर घाल, दाब उतरव, धार वाढव. मग बोल.'

'कमी ओहम, जास्त आवाज. मला शिकवू नगंस.'

'ते कर्ण्याला. कर्णा मोठ्या ट्रान्सफॉर्मरवरनं जेवतोय. ह्या पैलवानाला तू वाटीनं दूध दिलंस, आन् आता म्हणतोस पैलवानात दम न्हाय!'

डॉक्टर पुन्हा हसले. ह्या वेळी माझ्याकडं बघून. दुकानात आणखी दोन गिऱ्हाइकं होती, तीही हसली. माझ्या मशीनला, माझ्या दुकानात, माझ्या गिऱ्हाइकापुढं काडीएवढी नळी म्हणालास तू. आणि मी बोललो. 'दस्तगीर, आदी सोताचा कान बघ. अर्ध्या कानाच्या माणसानं आवाज पारखायचा म्हंजे लईच झालं. तू तार गुंडाळ. ऐकायचं काम माझं.'

तू काळा हेडफोन काढलास. त्याची दोरी बोटांवर नीट गुंडाळलीस, जशी बॉबिनवर गुंडाळायचास तशी, फेऱ्याला फेरा लावून. टेबलावर ठेवलीस.

'बरं,' म्हणालास. 'माझा कान गेलाय.'

एवढंच. कुणामुळं गेला, ते तू म्हणाला नाहीस. माझ्या तोंडाला बूच बसवायला तेवढं एक वाक्य पुरलं असतं. ते तुझ्या खिशात वीस वर्षं होतं आणि तू ते बाहेर काढलं नाहीस.

डॉक्टर पिवळा घेऊन गेले. काळा माझ्याकडंच टाकून गेले, 'पार्ट निघाले तर बघा' म्हणाले. मी तो कपाटात कोंबला.

मलकापूरचं मी कुणालाच सांगितलेलं नाही. तूही नाहीस. कुस्त्यांचं मैदान होतं, मशीन माझं, कर्ण्याच्या खांबावर तू. आपल्यातली पद्धत साधी. मशीनवरचा माणूस ओरडतो, 'सोडतोय!' खांबावरचा वरून म्हणतो, 'सोड!' मगच आवाज सोडायचा. त्या 'सोड'चा अर्थ, माझं डोकं कर्ण्याच्या तोंडापुढं नाही. किती मैदानं, किती लग्नं, किती उरूस आपण ह्या दोन शब्दांवर काढले. त्या दिवशी पंच घाई करत होते, पुढारी येऊन बसले होते, आणि मला दाखवायचं होतं की माझं मशीन एका दमात बोलतं. मी 'सोडतोय' म्हटलं आणि त्याच श्वासात बटण पार फिरवलं. तू कर्ण्याच्या तोंडाशी वाकून मागचं युनिट, आवाज काढणारा डबा, आवळत होतास.

तू खाली उतरलास, कानावर हात. मी काय विचारलं आठवतंय? मी विचारलं, 'युनिट जळलं का?'

'न्हाय,' तू म्हणालास. 'युनिट चांगलं हाय. कानात नुसती शिट्टी वाजतीया.'

ती शिट्टी आठ दिवस वाजली आणि मग थांबली. तिच्याबरोबर कानही गेला. तेव्हा तुझे मेव्हणे रसूलभाई कबनूरला मागाच्या कारखान्यात होते, त्यांच्याकडच्या जळलेल्या मोटरी नव्या तारेनं भरायचं काम तू नुकतंच धरलेलं. कुणी विचारलं की तू म्हणायचास, 'कबनूरच्या मागांनी खाल्ला कान. दिवसभर तो खडखडाट.' पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मी तुझ्याकडं बघितलं. तू माझ्याकडं बघितलं नाहीस. मला वाचवलंस आणि आभार मानायचीसुद्धा वेळ येऊ दिली नाहीस. मीही ते खोटं मुकाट गिळलं आणि गोड मानून घेतलं.

पण ते खोटं भाभींनी खरं धरलं. आपल्या सख्ख्या भावानं आपल्या माणसाला त्या खडखडाटात नेलं, म्हणून त्यांनी कबनूरला जाणं सोडलं. रसूलभाई ईदेला येऊन दारात बसून जायचे आणि भाभी आतून चहा पाठवायच्या, बाहेर यायच्या नाहीत. तू माझ्याकडं एकदाच म्हणाला होतास, 'दत्तू, रसूलचं जरा वाईट वाटतं.' मी म्हटलं, 'व्हईल हळूहळू ठीक.' तुला माझ्याकडून दुसरं काहीतरी ऐकायचं होतं. मला ते कळलं होतं.

दुकानातल्या त्या शुक्रवारनंतर तू चहाला आला नाहीस. काम बंद केलं नाहीस. ट्रान्सफॉर्मर सांगितले की वेळेत तयार, फेऱ्यात एकाचाही फरक नाही. पण बोलणं कामापुरतं. मला वाटायचं, पहिलं पाऊल त्यानं टाकावं, भर दुकानात माझ्या मशीनला नाव त्यानं ठेवलंय. मी दोन वर्षं हेच म्हणत राहिलो. बायको म्हणाली, 'जाऊन या की एकदा, पाय झिजत्यात व्हय?' तिच्यावरच खेकसलो.

गेल्या साली शिरोलीला एका फौंड्रीच्या दारात आपण समोरासमोर आलो. तू मोटर भरून बाहेर पडत होतास, सदऱ्याला वार्निशचा वास. मी काही बोलायच्या आत तू म्हणालास, 'काय पावणं, बरं हाय न्हवं?'

पावणं. अनोळखी माणसाला म्हणतात ते. एस.टी.त शेजारी बसलेल्याला म्हणतात ते. दस्तगीर, तू मला चार शिव्या दिल्या असत्यास तर मी घरी जाऊन जेवलो असतो.

'बरं हाय,' मी म्हटलं. आणि दोघं दोन दिशांना गेलो. तुझं माझं शेवटचं बोलणं ते.

तू तुझ्या दुकानातच गेलास म्हणे, बॉबिन हातात धरून. अर्धी तार गुंडाळलेली. कितव्या फेऱ्यावर होतास ते कुणालाच माहीत नाही, म्हणून ते काम आता कुणाला पुरं करता येणार नाही. मातीला मी आलो होतो. मूठभर माती टाकली आणि मागं जाऊन उभा राहिलो. लोक मला जवळचा म्हणून पुढं करत होते, आणि मी मागं सरत होतो.

तिसऱ्या दिवशी, जारतीच्या प्रार्थनेला, तुझ्या घरी आलो. रसूलभाई दाराशी पायरीवर बसलेले, पाहुण्यासारखे अंग चोरून. भाभी आतल्या पडद्याआड. त्यांनी हाक मारली, 'दत्तूभाऊ, तुमची एक वस्तू हाय आमच्याकडं.' पडद्याखालून हात आला, हातात फडक्यात बांधलेलं काहीतरी जड. रसूलभाई उठले घ्यायला. तो हात तसाच मागं गेला. रसूलभाई पुन्हा खाली बसले. मग मी पुढं झालो, तेव्हा हात परत बाहेर आला.

'तुमचं वाजलं न्हवं का, त्याच आठवड्यात केलं ते,' भाभी म्हणाल्या. 'मी म्हटलं देऊन या. तर म्हणं, त्यो मागायला यील तवा देईन. दर जुम्म्याला पुसून ठेवायचे.'

'आनी काय म्हणाला?'

'म्हणाले, दत्तूला सांग, खडूची रेघ हलवू नको म्हणावं.'

मला तिथंच बोलायचं होतं. रसूलभाई पायरीवर, भाभी पडद्याआड, आणि मधे मी, सगळं माहीत असणारा एकटा. फडकं काखेत धरलं. 'येतो,' म्हणालो आणि निघालो.

दुकानात येऊन फडकं सोडलं. ट्रान्सफॉर्मर होता, मुठीएवढा, वार्निश सुकून मधासारखं झालेलं. आत जायच्या तारा दोन आणि बाहेर यायच्या दोन जोड्या. एका जोडीला पिवळा रंग लावलेला, एकीला काळा. मला आधी उमगलं नाही. मग उमगलं आणि मी स्टुलावर बसलो. तू नुसतं काळ्याला जेवू घातलं नव्हतंस. दोघांना ज्याचं त्याचं ताट वाढलं होतंस, पिवळ्याला घोट आणि काळ्याला बादली, म्हणजे मी माझ्या त्याच रेघेवर बटण ठेवून दोघांना खेळवू शकेन. माझा न्याय तू मोडला नाहीस. तो न्याय व्हावा म्हणून तू फेरे मोजत बसलास, मी तुझ्या कानावरून बोललो त्याच आठवड्यात.

मग मी डॉक्टरांच्या दवाखान्यात गेलो. 'पिवळा हेडफोन आणि ती तबकडी एका दिवसापुरती द्या.'

'आता कशाला, दत्तोबा? त्याचा स्पंजही भुगा झालाय.'

'एक कुस्ती निकाली व्हायची ऱ्हायलीया.'

त्यांना काही आठवत नव्हतं. 'तुम्हीच तर पिवळा चांगला म्हणाला होतात ना?' म्हणाले. मी म्हटलं, 'व्हय, मीच.' पेशंट बसले होते. तेवढ्यात सगळं सांगावं असं वाटलं, पण त्यांना सांगून काय उपयोग होता?

दुपारभर जोडकाम केलं. एक तार तीनदा झाळावी लागली. उन्हं उतरताना मशीन तापलं, व्हॉल्व्ह लाल झाले. बटणावर खडूची रेघ पुसट झाली होती, तिच्यावरच पुन्हा ओढली. कपाटातून काळा काढला. त्याची दोरी तू गुंडाळून ठेवली होतीस तशीच होती, मी दोन वर्षांत सोडली नव्हती. एकेक फेरा सोडला. डोक्यावर चढवला आणि सवयीनं तोंडातून निघालं, 'सोडतोय.'

मग मी थांबलो. खांबावरून माणूस उतरायला लागतो तेवढा वेळ थांबलो. रस्त्यावर रिक्षा गेली, सायकली गेल्या. मग हळूहळू, रेघेपर्यंत, बटण फिरवलं.

दस्तगीर, घोंगडं गेलं होतं. तंबोऱ्याच्या चारी तारा वेगवेगळ्या उभ्या, एकेकीभोवती फिरून यावं इतकी जागा मधे. बायावर तबलजीचा तळहात कातड्यावरून सरकतो, तो घिस्सा पोटात लागला. खर्जाखाली जमीन होती, पाय ठेवावा अशी. मग पिवळा लावला, तुझ्या पिवळ्या तारेवर. तोही चांगला वाजला, तसाच लख्ख, चेहरा पुढं आणणारा. त्यात खोट नाही. पण पिवळ्यात बाई समोर गात होती आणि काळ्यात मी तिच्या बैठकीत जाऊन बसलो होतो. काळा वाईट नव्हता. वाढणारा मी वाईट होतो.

मग काळा उलटा फिरवून घातला. डाव्या कानावर हात दाबून धरला आणि उजव्यानं ऐकलं, आधी एक बाजू, मग दुसरी, तुझ्यासारखं. एका कानानं गाणं एका भिंतीला चिकटतं. बाकीची खोली अंधारी राहते. ह्या एवढ्याशा उजेडात तू वीस वर्षं ऐकलंस आणि तरी तुला कळलं की तो उपाशी आहे. माझे दोन्ही कान शाबूत होते.

मी 'चुकलो' असं मोठ्यानं म्हणून बघितलं. दुकानात कुणी नव्हतं. असं रिकाम्या दुकानात म्हणणं सोपं असतं, हेही मला त्याच वेळी कळलं. मशीन बंद केलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी दुकान उघडलं नाही. सरळ तुझ्या घरी आलो. रसूलभाई पिशवी काखेला मारून पायरी उतरत होते, कबनूरला जायला इचलकरंजीची गाडी धरायला. मी म्हटलं, 'रसूलभाई, जरा बसा. तुमच्यासमोरच बोलायचंय.' ते बसले. मी चप्पल काढून आत गेलो, आणि पडद्याकडं तोंड करून, मैदानात बोलतात तेवढ्या मोठ्यानं म्हणालो, 'भाभी, कबनूरच्या मागांनी काय केलेलं न्हाय. मलकापूरला मशीनवर मी हुतो. हाक मारली आन् थांबलो न्हाय. दस्तगीरचा कान माझ्या हातनं गेलाय.'

पडदा हलला नाही. मी तिथंच थांबलो.